लागलं असेल तर सांगा

बातमी आली तेव्हा मी जमिनीपासून चाळीस फुटांवर होतो. बरं, वीस धरा. एका थिएटरच्या भिंतीवर नटीचं नाक रंगवत होतो, आणि नाक म्हणजे असं, की त्या नाकपुडीत एखाद्यानं पथारी टाकून दुपारची झोप काढावी. खालून चहावाला सदा ओरडला, "पेंटर, उतरा खाली! अंकलगे डाक्टर गेलं!" माझ्या तोंडून जो प्रश्न निघाला तो माझा नव्हताच. तो त्याचाच होता, शाळेपासून माझ्या मागं लागलेला. मी वरूनच विचारलं, "बघितलंस का ऐकलंस?" सदा म्हणाला, "बघून आलोय वो. बसवलंय सोप्यात. फुलं घातल्यात." ... मग मात्र ब्रश डब्यात टाकला आणि उतरलो. लिंगायतांत माणसाला बसवूनच नेतात. गुरप्याला तसा बसलेला बघितला आणि वाटलं, आत्ता हा जरा पुढं वाकेल, एक डोळा बारीक करेल आणि म्हणेल, "थांब रे बंड्या, मला नीट बघू दे."

डॉ. गुरुपाद अंकलगे आमच्या गावच्या मोठ्या इस्पितळात पॅथॉलॉजिस्ट होता. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांनी लाजू नये, अर्ध्या कोल्हापूरला तो अजून ठाऊक नाही. हा असा डॉक्टर, की रोगी त्याच्याकडं कधी जात नाही. रोग्याचं रक्त जातं, नाहीतर ऑपरेशनात कापलेला मांसाचा तुकडा जातो. तो तुकडा हा मेणात घालणार, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापणार, काचेवर चिकटवून रंगवणार, मायक्रोस्कोपखाली धरणार आणि सांगणार, रोग कुठला. पुढं सर्जननं काय कापायचं आणि काय ठेवायचं, ते याच्या सहीवर. माझ्यासाठी तो गुरप्या. एका बाकावर बसून आम्ही दोघांनी एकाच मास्तरचा मार खाल्ला. मी पुढं शिवाजी पेठेत बोर्ड रंगवायला लागलो आणि तो मुंबईला जाऊन एम.डी. झाला. त्याच्या हातून आयुष्यात एक मोठी चूक झाली. ती सांगावी की लपवावी, यातच त्याची पुढची सगळी वर्षं गेली. ती आज मी सांगणार आहे आणि तशी मला परवानगी मिळाली आहे. परवानगी देणारा माणूस लेखात पुढं भेटेलच, एका पायावर.

आधी त्या प्रश्नाचं सांगतो. शाळेत मी एकदा वर्गाला सांगितलं, की पंचगंगेच्या पुरात मी म्हशीच्या पाठीवर बसून नरसोबाच्या वाडीपर्यंत गेलतो आणि येताना त्याच म्हशीचं दूध पीत आलो. सगळा वर्ग गप्प. गुरप्या तेवढा उठून म्हणाला, "ही म्हैस तू बघितलीस का ऐकलीस?" पुढं त्यानं नियमच केला. बंड्यानं ऐकलेली गोष्ट असेल तर तिला दहानं भागायचं, आणि बघितलेली असेल तर विसानं. माझा धंदा वाढवण्याचा. कुस्तीच्या पोस्टरवर पैलवानाची मांडी आहे तेवढीच काढली तर कोण तिकीट घेईल? त्याचा धंदा बरोबर उलटा. जेवढं काचेवर दिसतं तेवढंच, वर केसाएवढं नाही. तरी आमचं जमलं ... की त्यामुळंच जमलं, कुणास ठाऊक.

साठच्या दशकाच्या अखेरीस तो शिकून परत आला तेव्हा गुळाच्या बाजारात त्याच्या वडिलांनी दुकानभर पेढे वाटले. अव्वांना, म्हणजे त्याच्या आईला, मात्र काही केल्या उमजेना. त्या मला म्हणाल्या, "बंडू, येवढी वर्सं शिकला. आता सुई टोचणार दुसरा, औषध देणार तिसरा. मग ह्यो डाक्टर कशाचा रे?" गुरप्या हसून म्हणाला, "अव्वा, मी सांगितल्याबिगर त्या दोघांचं पान हलत न्हाई." अव्वांनी जरा विचार केला. म्हणाल्या, "हां, म्हंजे मुकादम." तेव्हापासून घरात तो मुकादमच. घरावर लावायचा त्याचा बोर्ड मीच रंगवला. नाव झालं, पदव्या झाल्या, आणि जागा उरली म्हणून मी आपल्या पदरचं 'मुंबई रिटर्न' टाकलं आणि बाजूला हापूस आंब्याएवढा रक्ताचा थेंब काढला. त्यानं बोर्ड बघितला, घरातनं खरवडायला पत्रा आणला आणि माझ्या हातात दिला. "विद्यापीठानं दिलंय तेवढंच लिही. थेंब मी कुणाला विकत न्हाई." त्याची सही म्हणजे तर देव्हाऱ्यातला टाक. गावातला एक लॅबवाला त्याला म्हणाला होता, "डॉक्टर, तुम्ही येऊ पण नका. तपासतो आम्ही, तुमची फक्त सही द्या." गुरप्यानं त्याला चहा पाजला आणि दारापर्यंत पोचवलं. "मी जी काच बघितली न्हाई, तिच्याखाली माझं नाव न्हाई," एवढंच बोलला. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती. आमच्या गावात आवाज न चढवता नकार देणारा माणूस आजारी समजतात.

लोकांना वाटे, रिपोर्ट म्हणजे मामलेदाराचा निकाल. तेव्हा वशिला लावला की सुधारतो! कोण गुळाची ढेप घेऊन दारात उभा, कोण कोंबडी. "डाक्टर, आमचा पावणा हाय. जरा चांगला काढा की रिपोर्ट." कोंबडी परत देताना गुरप्याची जी त्रेधा उडे, ती मी स्वतः बघितली आहे, विसानं भागलं तरी उरेल. आणि दुधाचा किस्सा तर त्याहून वरचा. इस्पितळात रुजू झाल्या झाल्या त्याच्या लक्षात आलं, की उपाशीपोटी तपासलेल्या रक्तात पेठेतल्या निम्म्या माणसांची साखर वर. त्यानं औषधं बदलली, नळ्या बदलल्या, स्वतःचं रक्त तपासलं. ते नीट! शेवटी एका माणसाला समोर उभं करून विचारलं, "सकाळी खरंच काही खाल्लं नव्हतं?" "देवाशप्पथ न्हाई." "मग उठल्यापासून केलं काय?" "काय न्हाई वो. तालमीत गेलो, येताना कट्ट्यावर दूध पिलो आणि आलो." आमच्याकडं पहाटे म्हशी कट्ट्यावर उभ्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात, आणि फेसासकट तो पेला माणूस उभ्या उभ्या रिचवतो. त्याला खाणं कोण म्हणेल? गुरप्या डोकं धरून बसला. मग मला म्हणाला, "बंड्या, मशीन खोटं बोलत नव्हतं, माणूस पण खोटं बोलत नव्हता. मीच विचारलं न्हाई." ... हे वाक्य लक्षात ठेवा. मी त्यावर तेव्हा नुसता हसलो.

आता येसबा. पैलवान येसबा आमच्याच पेठेतल्या तालमीचा. मी त्याचं पोस्टर रंगवायला घेतलं तर मांडी कागदावर मावेना, दुसरा कागद जोडावा लागला. दसऱ्यानंतर त्याची मोठी कुस्ती ठरली होती, आणि गावात तोच एक विषय. तेवढ्यात त्याच्या उजव्या मांडीला, गुडघ्याच्या जरा वर, गाठ आली. तालमीत तेल लावून रगडली. जेवढी रगडली तेवढी वाढली. शेवटी वस्ताद त्याला इस्पितळात घेऊन गेले. सर्जननं विचारलं, "कुठं मार लागला होता का?" येसबानं बाजूला उभ्या असलेल्या वस्तादांकडं बघितलं. तालमीचा कायदा असा, की हौद्यातलं हौद्यात. लाल मातीत कोण पडला, कुणाचा गुडघा कुठं बसला, हे बाहेर सांगायचं नाही. त्यातून मोठी कुस्ती तोंडावर. पैलवानाला मार बसला म्हणून कळलं तर समोरची तालीम हलगी लावून नाचेल. येसबा छाती काढून म्हणाला, "छ्या! मला कोण मारणार?" सर्जननं गाठीचा तुकडा काढला आणि सोबत चिठ्ठी पाठवली, मार लागलेला नाही.

तुकडा गुरप्याच्या मायक्रोस्कोपखाली आला. पुढचं त्यानं मला तीन वर्षांनी सांगितलं, जसं सांगितलं तसंच लिहितो. काचेवर पेशी माजलेल्या, वाट्टेल तशा वाढणाऱ्या आणि हाड तयार करणाऱ्या. तरण्या माणसाच्या मांडीत असं दिसलं की पुस्तक म्हणतं, हाडाचा कॅन्सर. पण जबर मार बसून मांसात रक्त साकळलं, तरी तिथं काही आठवड्यांनी हाड तयार होतं, आणि त्याचा मधलाच तुकडा हाताला आला तर तो हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो. दोहोंतला फरक सांगणारी गोष्ट एकच, मार लागला होता की नाही. आणि चिठ्ठी तर म्हणत होती, नाही. त्याला शंका आली होती. काचा मुंबईला आपल्या सरांकडं पाठवाव्यात असं मनात आलं होतं. सर्जन म्हणाले, "अंकलगे, हा रोग थांबत नाही. मुंबईहून उत्तर येईतोवर फुप्फुसात गेला तर जबाबदार कोण?" त्यांचंही खोटं नव्हतं. त्याच्या लॅबपासून येसबाच्या वॉर्डापर्यंत मधे एक अंगण. अंगणात एक कडुलिंब आणि वाळत घातलेल्या चादरी. बस्स. पण पॅथॉलॉजिस्ट वॉर्डात जात नाही अशी रीत होती, आणि तो रीतीचा माणूस. त्यानं पुन्हा एकदा काच बघितली ... आणि सही केली.

येसबाचा पाय मांडीतून काढला. कापलेला पाय नियमाप्रमाणं तपासायला गुरप्याकडंच आला. त्यानं गाठ मधोमध उभी चिरली, आणि बघताक्षणी त्याला कळलं. कॅन्सरची गाठ आत घट्ट असते आणि कडेला रानटी. ही बरोबर उलटी होती. बाहेरून अंड्यासारखं टणक, शहाणं कवच, आत मऊ. मांडीच्या हाडाला तिचा स्पर्शसुद्धा नव्हता. मार होता तो. तेल न लावता, न रगडता नुसता पाय बांधून ठेवला असता तर काही महिन्यांत गाठ निमूट बसली असती. त्यानं सर्जनना बोलावून ती गाठ दाखवली. सर्जन म्हणाले, "पाय परत बसणार आहे का? त्याला सांगून काय मिळणार?" ते पुढं वर्षभरात बदली करून गेले. गुरप्या कुठं जाणार? त्याचं गाव हेच.

गावाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गावाला एवढंच दिसलं, की कॅन्सर झालेला माणूस वर्षात मरतो, आणि येसबा मरत नाही! वर्ष गेलं, दुसरं गेलं. येसबा कुबडीवर तालमीत यायला लागला, चार म्हशी घेतल्या, कट्टा सुरू केला, एका पायावर बसून अशी धार काढी की बादलीचा नगारा वाजे. आणि गावभर बोलबाला, की पैलवानानं कॅन्सर चीतपट केला. गावभर तो कुणी केला? आता मी काय सांगू. हुपरीपासून गारगोटीपर्यंत ज्या ज्या गावात मी भिंत रंगवली तिथं तिथं ती गोष्ट पण रंगवली. माझ्या गोष्टीत येसबा ऑपरेशनच्या टेबलावर भूल न घेता झोपला होता आणि कॅन्सर खिडकीतून पळून गेला होता. गुरप्या ही गोष्ट ऐके आणि त्याचा तो प्रश्न विचारत नसे. मला वाटे, वा, एकदाची ही गोष्ट तरी याला पटली.

त्याच दिवसांत तो वॉर्डात हिंडायला लागला. कुणाचाही तुकडा आला की हा अंगण ओलांडून त्या रोग्याच्या खाटेशी जाऊन बसणार. पण इस्पितळातली पोस्टमॉर्टेमंही तोच करी, आणि वॉर्डात तो ठाऊक तेवढ्यापुरता. हा दारात दिसला की बायका हंबरडा फोडत, "मढ्याचा डाक्टर आला गं बाई!" एक म्हातारा तर सलाईनसकट पळाला, फाटकापर्यंत, असं मी सांगतो, पण जिन्यापर्यंत नक्की. मोठ्या डॉक्टरांनी तक्रार केली. मग गुरप्यानं दुसरी तोड काढली. लॅबच्या दाराशी एक लोखंडी स्टूल टाकलं. चालता येणारा रोगी तिथं येऊन बसल्याशिवाय त्याची काच बघायची नाही; न येणाऱ्याकडं आपण जायचं, मग बायका रडोत. आणि मला बोलावून स्टुलाच्या वर भिंतीवर लिहून घेतलं: 'पडला असाल, लागलं असेल तर सांगा. लाज धरू नका.' मी म्हटलं, "हे काय रे? ही लॅब हाय का हळदीचा लेप लावायचं दुकान?" तो म्हणाला, "अक्षर मोठं काढ. दहानं गुण." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला वाढवायला सांगितलं, आणि का ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी पेठेनं येसबाचा सत्कार केला. बोर्ड माझाच, बारा फुटी. डाव्या हाताला येसबा, उजव्या हाताला विंचवासारखा उताणा पडलेला कॅन्सर. खुर्चीवर पाहुणे म्हणून मी कुणाला बसवावं? गुरप्याला! माझ्याच मित्रानं रोग ओळखला म्हणून तर पैलवान वाचला. तो नको नको म्हणत होता, पण पेठेतल्या माणसांनी हाताला धरून आणला. भाषण करणारानं सांगितलं, "ज्यांच्या अचूक निदानामुळं आज आपला येसबा आपल्यात हाय, ते डॉक्टर अंकलगे!" टाळ्या, हलगी, फेटा. येसबानं स्वतःच्या हातानं त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि कुबडी सावरत त्याच्या पाया पडायला वाकला. गुरप्यानं त्याला मधेच धरलं. मी समोर होतो. तसा चेहरा मला आजही रंगवता येणार नाही.

सत्कार संपल्यावर आम्ही दोघं रंकाळ्यावरून चालत आलो. काठावर भेळवाल्यांच्या गाड्या लागल्या होत्या, पोरं भोवऱ्यासारखी फिरत होती. तिथं कट्ट्यावर बसून त्यानं मला सगळं सांगितलं. मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाला, "उद्या येसबाला सांगणार. तू चल."

सकाळी येसबाच्या कट्ट्यावर गेलो. गिऱ्हाईक पांगलं होतं. येसबा शेवटची म्हैस पिळत होता. आम्हाला बघून खूष झाला. "या डाक्टर! पेंटर, तू पण? पेला घे की गा." गुरप्या उभाच राहिला. म्हणाला, "येसबा, तुझा पाय कापायला नको होता. तुला कॅन्सर नव्हता. मी चुकीचं वाचलं."

धारेचा आवाज थांबला. म्हैस मान वळवून मागं बघायला लागली.

"नव्हता?"

"नव्हता."

"जरा पण?"

"जरा पण न्हाई. तुला मार लागला होता. खरं का न्हाई? मार लागला होता ना, येसबा?"

येसबानं तोंड फिरवलं. "मला कोण मारणार?" म्हणाला. तेच शब्द. पण छाती निघाली नाही. मग बादलीत बघत म्हणाला, "डाक्टर, मग मी पाडलं कुणाला?"

येसबाच बोलत राहिला, हळू, जणू म्हशीशी. "त्या रोगाची माणसं येत्यात हितं, लांबनं. माझा हात डोक्यावर ठेवून घेत्यात. काल तर एक बाई आलती इचलकरंजीस्नं, पोराला घेऊन. तिला आता काय सांगू, मी कुणाशी लढलोच न्हाई म्हणून?" गुरप्या म्हणाला, "तुला काय सांगायचं नसंल तर नको सांगू. पण मला दुसऱ्या डॉक्टरांना सांगितलं पाहिजे. सभेत उभं राहून, काच दाखवून. न्हाईतर उद्या ते पण हेच करतील. तुझं नाव घेणार न्हाई." येसबा पहिल्यांदा हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "नाव कशाला पाहिजे? कोल्हापुरात एका पायाचं पैलवान किती हायत?" मग कुबडी घेऊन उठला, भरलेला पेला गुरप्यापुढं धरला. "पाय गेला. आता येवढं तरी ऱ्हाऊ द्या. हौद्यातलं हौद्यात." गुरप्यानं तो पेला घेतला आणि घोटघोट पिऊन संपवला. तोच त्याचा शब्द होता.

परत येताना तो एवढंच म्हणाला, "बंड्या, मला हलकं वाटावं म्हणून मी गेलो. त्याचा दुसरा पाय पण काढून आलो."

पुढची सगळी वर्षं तो रोज पहाटे त्या कट्ट्यावर जायचा. पेला प्यायचा, दोन शब्द म्हशीच्या तब्येतीबद्दल, की निघाला. मी किती वेळा म्हटलं, सांगून टाक लेका सभेत, मुंबईत कोण येसबाला ओळखतंय? तो म्हणायचा, "शब्द दिलाय." दरवर्षी डॉक्टरांच्या सभेचं बोलावणं येई, दरवर्षी हा जाई, मागच्या रांगेत बसे, लोक आपापली गाजलेली निदानं दाखवत ती बघे आणि परत येई. एकदा मी विचारलं, "काय रे, चुकलेलं कोण दाखवत न्हाई?" म्हणाला, "दाखवायला पाहिजे. खरं शिक्षण तेच." आणि बॅग उघडून त्यानं येसबाच्या काचेची छोटी पेटी परत कपाटात ठेवली. म्हणजे दरवर्षी ती काच तो बरोबर नेत होता! तिकडं जाऊन न दाखवता परत आणत होता. सत्काराची शाल मात्र त्यानं घडी करून लॅबच्या त्या लोखंडी स्टुलावर टाकली. "पेशंटला गार लागतं," म्हणाला.

त्या स्टुलानं माणसं वाचवली, हे मी वाढवून सांगत नाही. हुपरीचा एक चांदीचा कारागीर आला होता, पैंजणाचे घुंगरू जोडणारा, दंडात गाठ. त्याच्या काचेवरही तेच दिसलं, माजलेल्या पेशी आणि हाड. स्टुलावर बसवून गुरप्यानं विचारलं, "लागलं होतं का?" "न्हाई." "वरती काय लिहिलंय वाच." त्यानं वाचलं, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "एष्टीच्या टपावरनं पडलो. पण मालकाला सांगू नका, कामाच्या दिवशी जत्रंला गेलतो." गुरप्यानं हात कापू दिला नाही. थांबा म्हणाला, आणि थांबायला लावलं. हात बरा झाला. तो माणूस पेढे घेऊन आला त्या दिवशी मी लॅबमध्ये होतो. मला वाटलं, आता तरी याचा चेहरा खुलेल. तो पेढा हातात धरून खिडकीतून अंगणाकडं बघत बसला. "हे येवढंच विचारायचं होतं," म्हणाला. ... पेढा तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

परवा मी दुकानात बसलो होतो, तर कुबडीचा आवाज आला. येसबा. केस पांढरे, पण खांदा अजून तसाच. गुरप्याला शेवटचं न्यायच्या दिवशी तो सगळ्यात मागं होता, कुणाशी बोलला नव्हता. आता उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, "पेंटर, पहाटे एक पेला भरून ठिवतोय रोज. कोण पीत न्हाई." मी हातातला ब्रश खाली ठेवला. "लिही आता त्याचं. पेपरात लिही. डाक्टर लोकांस्नी कळू दे, त्याला जे सांगायचं होतं ते." मी म्हटलं, "आणि तुझं? तुझा हात डोक्यावर ठेवून घ्यायला येणारी माणसं?" तो म्हणाला, "येतील न्हाईतर न येतील. येवढी वर्सं त्यानं माझ्यापाई तोंड बंद ठेवलं. आणखी किती ठेवील?" मग कुबडी माझ्या छातीला लावली. "पण एक शब्द वाढवायचा न्हाई, सांगून ठेवतो." मग मी त्याला त्या अंगणाचं, स्टुलाचं सगळं सांगितलं, तेव्हा म्हणाला, "चल, मला ती जागा दाखव."

इस्पितळात गेलो. अंगण तेच, कडुलिंब तोच, चादरी वाळत होत्या. येसबा अंगणाच्या मधे थांबला, वॉर्डाकडं बघितलं, लॅबच्या दाराकडं बघितलं. "येवढंच?" म्हणाला. मी मान हलवली. दाराशी स्टूल होतं, स्टुलावर ती शाल, विरून विरून नुसती जाळी उरलेली. येसबानं भिंतीवरचं माझं अक्षर वाचलं, ओठ हलवत, एकेक शब्द, आणि हळूहळू त्या स्टुलावर बसला. तेवढ्यात आतून नव्या पॅथॉलॉजिस्ट बाई बाहेर आल्या. तरुण पोरगी, गुरप्याच्या हाताखाली तयार झालेली. तिनं आम्हाला ओळखलं नाही. स्टुलावर माणूस दिसला की विचारायचं, एवढं तिच्या हाडीमाशी भिनलेलं. तिनं सवयीनं विचारलं, "काय मामा, कुठं लागलं होतं का?"

येसबानं कुबडी भिंतीला टेकवली. "व्हय बाई," म्हणाला. "लागलं होतं. नवं पोरगं होतं तालमीत, त्याचा गुडघा बसला."

"कुठं?"

त्यानं उजवा हात पुढं केला आणि धोतराच्या रिकाम्या घडीच्या पुढं, जिथं काहीच नव्हतं, तिथं हवेत बोट ठेवलं. "हितं."

गुरप्या, हे मी ऐकलेलं नाही. बघितलंय. आणि हे भागायचं नाही.